लाभ, दोन, तीन : दोन विहिणींचा बाजार

धान्य मोजताना आमच्याकडं पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. आई पायली भरते, वरची शीग तळव्यानं सावरते, पोत्याच्या तोंडात उपडी करते आणि 'लाभ' म्हणते. तेवढ्या वेळात तिच्याशी कुणी बोलायचं नाही. बोललं, की मोजणी पहिल्यापासून.

मी साताऱ्यात बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. विनिमयाचा भाग आला, की फळ्यावर 'अ' आणि 'ब' अशी दोन माणसं अवतरतात. अ कडे गहू, ब कडे कापड. या दोघांना ना गाव, ना घर, ना भूक. चौथ्या मिनिटाला मागच्या बाकावर मोबाइल निघतात. म्हणून गेल्या वर्षी मी त्या दोघांना रजा दिली आणि आमच्या गोडोलीच्या घरात समोरासमोर बसलेल्या दोन विहिणींना फळ्यावर आणलं. एक माझी आई, दुसरी माझ्या बायकोची. परवानगी दोघींनी दिली आहे. आकडे मात्र हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी थोडे घासूनपुसून घेतलेत.

आई माण तालुक्यातली, दहिवडीच्याही पुढची. सासूबाई पाटणच्या, मोरणेच्या खोऱ्यातल्या. जिल्हा एकच, पण सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि माणात 500 च्या आसपास झाला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. त्यामुळं एकीच्या घरी शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, आणि दुसरीच्या घरी इंद्रायणी तांदूळ. होळी झाली, शाळूची मळणी उरकली, की दोघी नातवाला भेटायचं निमित्त काढून आमच्याकडं येतात आणि येताना यष्टीच्या टपावर नाहीतर कुणाच्या तरी जीपमध्ये पोती असतात. आईला सणावाराला, पाहुण्यारावळ्याला तांदूळ लागतो. सासूबाईंना साखरेचा त्रास सुरू झाल्यापासून डॉक्टरनं भाकरी खायला सांगितली आहे. अदलाबदल करायची, यावर दोघींचं एकमत. दर काय, यावर मुळीच नाही.

"घरातल्या घरात कसला भाव आन् काय," आई म्हणाली. "पायलीला पायली. सरळ हिशेब."

"आवं विहीणबाई," सासूबाई हसत पण ठाम आवाजात, "गुडघाभर चिखलात हुबं राहून लावण केलीया. एकाला तीन तरी द्या."

वर्गात हे सांगितलं, की पोरं लगेच बाजू घेतात. माण-खटावकडची आईच्या बाजूनं, पाटणची सासूबाईंच्या. आणि सगळ्यांच्या मनात एक गोष्ट ठाम बसलेली असते : एकीचा फायदा म्हणजे दुसरीचा तोटा. धान्य काही वाढत नाही, इकडचं तिकडं होतं, मग दोघींचा फायदा होईल कसा? शंका चांगली आहे. तिचं नीट उत्तर दिलं नाही, तर पुढचं सगळं पाठांतर होतं.

समजा आईकडे 60 पायल्या शाळू आहे, तांदूळ शून्य. सासूबाईंकडे 30 पायल्या तांदूळ, ज्वारी शून्य. आता खोलीत एक सतरंजी अंथरा, 30 वीत लांब आणि 60 वीत रुंद. एवढी मोठी सतरंजी आमच्या खोलीत मावणार नाही, पण असो. एका कोपऱ्यात आईला बसवा, बरोबर समोरच्या तिरक्या कोपऱ्यात सासूबाईंना. मध्ये कुठंही एक सुपारी ठेवा. आईपासून सुपारी लांबीच्या बाजूनं जितक्या वीत दूर, तितक्या पायल्या तांदूळ आईचा. रुंदीच्या बाजूनं जितक्या वीत, तितकी ज्वारी आईची. सासूबाईंच्या कोपऱ्यातून तसंच मोजलं, की त्यांचा वाटा निघतो. म्हणजे एकाच सुपारीत चार आकडे बसले. सुरुवातीला सुपारी तिसऱ्याच कोपऱ्यात असते : आईकडे सगळी ज्वारी, सासूबाईंकडे सगळा तांदूळ. अदलाबदल म्हणजे ही सुपारी सरकवणं. सतरंजी वीतभरही वाढत नाही. प्रश्न एवढाच, की सुपारी कुठं सरकवली म्हणजे दोघींनाही आधीपेक्षा बरं वाटेल.

दोघींना मी वेगवेगळं गाठलं. आईला विचारलं, "पहिली पायली तांदूळ मिळवायला जास्तीत जास्त किती ज्वारी सोडशील?" ती म्हणाली, चार. सणाचा भात त्यातच होतो, तो टळत नाही. दुसऱ्या पायलीला? साडेतीन. पाहुणे येतात. तिसऱ्या पायलीला तीन, चौथीला अडीच, पाचवीला दोन, सहावीला दीड. सातवीला एक, तेही वाटलं तर. आठवीला ती वैतागली. "ठेवायचा कुठं? सोंडं पडत्यात तांदळात." हे उतरत जाणं कुठल्याही घरात दिसतं. पहिल्या पायलीचं काम निकडीचं, आठवीला कामच उरलेलं नसतं.

सासूबाईंना उलट विचारलं. पहिली पायली तांदूळ द्यायला कमीत कमी किती ज्वारी हवी? अर्धी पायली. एवढ्या तांदळातनं एक गेली तर कळणारही नाही. दुसरीला पाऊण, तिसरीला एक, चौथीला सव्वा, पाचवीला दीड. सहावीला मात्र त्या थांबल्या, मनाशी काही मोजलं आणि म्हणाल्या, दोन. तिथनं वर्षाच्या बेगमीला हात लागायला लागतो. सातवीला अडीच.

आता दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. पहिल्या पायलीसाठी आई चार द्यायला तयार, सासूबाई अर्ध्यावर राजी. मधल्या साडेतीन पायल्या ज्वारी कुठून आली? कुठूनच नाही. ती दोघींच्या गरजांमधली दरी आहे. तीच पायली पाटणच्या घरात अर्ध्या पायली ज्वारीच्या मोलाची होती आणि माणच्या घरात चार पायल्यांच्या मोलाची झाली. दाणा तोच, जागा बदलली. दुसऱ्या पायलीत ही दरी पावणेतीन, तिसरीत दोन, चौथीत सव्वा, पाचवीत अर्धी. बेरीज केली तर बरोबर 10. सहाव्या पायलीला आई दीडच देणार आणि सासूबाई दोन मागणार, तिथं व्यवहार संपला. ती जबरदस्तीनं दिली, तर दोघींचं मिळून अर्ध्या पायलीचं नुकसान.

म्हणजे या दोन घरांच्या अदलाबदलीत 10 पायल्या ज्वारीच्या मोलाचा लाभ दडलेला आहे आणि तो पुरा हाती यायचा तर बरोबर पाच पायल्या तांदूळ पूर्वेला जायला हवा. चारही नको, सहाही नको. एवढी गोष्ट पक्की. मला वर्गात सगळ्यात जास्त वेळ इथंच लागतो. लाभ पाहायला पोरं पोत्यात बघतात आणि पोत्यात तर दाणे तेवढेच दिसतात.

मग दर? इथं माझ्या बायकोनं दलाली केली. ती दारात उभी राहून दर पुकारणार, दोघींनी फक्त किती घेणार आणि किती देणार ते सांगायचं, आणि दोन्ही आकडे जुळल्याशिवाय पोत्याला हात लावायचा नाही.

"एकाला एक."

आई म्हणाली, सात घेते. सासूबाई म्हणाल्या, तीनच देते. जुळलं नाही.

"एकाला तीन."

आता आई तीनवर आली आणि सासूबाई सात द्यायला निघाल्या. पुन्हा नाही.

"एकाला पावणेदोन."

आई, पाच. सासूबाई, पाच.

यालाच समतोल म्हणतात : ज्या दरावर घेणारीला हवं तेवढंच देणारीला द्यायचं असतं. दीड ते दोन यांच्यातला कुठलाही दर पुकारला असता तरी उत्तर पाचच आलं असतं. पावणेदोननं पाच पायल्या तांदळाचे झाले पावणेनऊ पायल्या ज्वारी. आईच्या लेखी त्या पाच पायल्यांचं मोल 15 होतं, तिला सव्वासहाचा लाभ. सासूबाईंच्या लेखी त्या पाच होत्या, त्यांना पावणेचारचा. बेरीज पुन्हा 10. आईकडे उरली सव्वाएक्कावन्न पायल्या ज्वारी आणि पाच पायल्या तांदूळ. सुपारी जागेवर बसली.

दर पुकारायचा, आकडे ऐकायचे, दर हलवायचा आणि जुळेपर्यंत व्यवहार करायचा नाही, ही कल्पना लेऑं वॉल्रास या फ्रेंच अर्थतज्ज्ञाची, 1874 ची. त्यानं तिला दिलेल्या फ्रेंच नावाचा अर्थ 'चाचपडणं'. अंधारात भिंतीला हात लावत दिव्याचं बटण शोधावं तसं. खऱ्या बाजारात असा कुणी निःस्पृह पुकारणारा नसतो, ही या चित्रातली मोठी मेख. आमच्या घरातही नव्हता. बायको कुणाच्या बाजूनं होती हे मला माहीत आहे, पण ते इथं लिहिण्यात अर्थ नाही.

आता एक अडचण, जी पुष्कळ पुस्तकं चटकन ओलांडून पुढं जातात. आईनं आपला हट्ट सोडलाच नाही आणि एकाला एक हाच दर राहिला, असं धरा. सासूबाई तीनच पायल्या देतील. आईनं तीन पायल्या ज्वारी दिली, तिच्या लेखी साडेदहाचा माल आला, लाभ साडेसातचा. पण समतोलाच्या दरावर तिला सव्वासहाच मिळत होते! म्हणजे कमी तांदूळ घेऊनही आई हट्टानंच जास्त कमावते. सासूबाईंच्या वाट्याला मग जेमतेम पाऊण उरते. दोघींचं मिळून सव्वाआठ; 10 पैकी पावणेदोन हवेत विरले. आणि सासूबाईंनी तीनचा हट्ट तडीस नेला, तरी तेच होतं. फक्त त्यांना पावणेसात आणि आईला दीड. वाया जाणारे पावणेदोन तेवढेच.

त्यामुळं 'समतोलाचा दर दोघींच्याही हिताचा' असं कुणी सरसकट सांगितलं, की मी कान टवकारतो. एकूण लाभ त्या दरावर सगळ्यात जास्त, हे खरं. पण प्रत्येकीचा स्वतःचा लाभ तिथंच सगळ्यात जास्त असतो असं नाही, म्हणूनच तर घासाघीस होते. हुशार घासाघीस करणारी बाई पाच पायल्यांचा सौदा मोडणारच नाही, ती फक्त त्याची किंमत ओढेल. पाच पायल्या तांदळाला पाच पायल्या ज्वारी मिळाली तरी सासूबाईंचं काही जात नाही आणि 15 द्याव्या लागल्या तरी आईचं काही जात नाही. पाच ते पंधराच्या मधलं काहीही ठरू शकतं.

हे पहिल्यांदा नीट मांडलं फ्रान्सिस एजवर्थ या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसानं, 1881 साली. त्याचं म्हणणं असं : दोनच माणसं असतील तर सुपारी कुठल्या रेषेवर येऊन थांबेल ते सांगता येतं, रेषेवरच्या कुठल्या ठिकाणी थांबेल ते सांगता येत नाही. तो त्या रेषेला कराराची रेषा म्हणे. आमच्या सतरंजीवर ही रेषा आईपासून पाच वीतांवर सरळ उभी आहे. सतरंजीची चौकट मात्र आज शिकवतात त्या रूपात विल्फ्रेदो पारेतोनं 1906 मध्ये छापली आणि नाव पडलं एजवर्थचं. अभ्यासक्रमात असे अन्याय चालतात.

त्याच पारेतोच्या नावानं एक कसोटी ओळखली जाते : एकीचं बिघडवल्याशिवाय दुसरीचं सुधारता येत नाही, अशी जागा आली म्हणजे वाया काही जात नाही. आमच्या कराराच्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू या कसोटीला उतरतो. सासूबाईंच्या पदरात लाभ शून्य आणि आईच्या पदरात दहाच्या दहा, हा बिंदूही. तिथं काही वाया जात नाही एवढंच ती कसोटी सांगते. वाटणी बरी की वाईट याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. परीक्षेत मुलं 'पारेतो म्हणजे सर्वांचं भलं' असं लिहून येतात आणि मी अर्धा गुण कापतो.

वाटणी घासाघिशीवर ठरते, म्हटल्यावर माणसं आपलं खरं उत्तर लपवणारच. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलबाजारात जुन्या पद्धतीचे सौदे ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे सांगायला नको. विकणारा आणि घेणारा हात मिळवतात, वर रुमाल नाहीतर धोतराचा सोगा टाकतात आणि आत बोटं बोलतात. तोंडानं चाललेलं असतं पाऊसपाण्याचं. माझ्या चुलत्यानं एकदा खिलार खोंड असाच घेतला. बोटं दाबताना हेड्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नव्हती. रुमालाखाली दोन आकडे लपलेले असतात : विकणाऱ्याचा 'यापेक्षा खाली नाही' आणि घेणाऱ्याचा 'यापेक्षा वर नाही'. जो आपला आकडा आधी उघडा करील, त्याच्या वाटचा लाभ दुसरा नेतो. आई आणि सासूबाईंनी मला जे खरे आकडे दिले, ते एकमेकींना कधीच दिले नसते. मी त्यांना विचारलं तेव्हाही आईनं आधी दार लोटून घेतलं.

याच्या उलट टोक सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या सौद्यात दिसतं. एकाच ढिगावर बोली लावायला कितीतरी व्यापारी आणि यार्डात ढीगही कितीतरी. रुमाल असो नसो, इथं एकट्याला दर फार ओढता येत नाही. का, ते पुन्हा विहिणींकडेच बघून कळेल.

समजा सासूबाईंनी आईला पुरतं वाकवलं : पाच पायल्या तांदळाला 14 पायल्या ज्वारी, म्हणजे पायलीला पावणेतीनच्याही वर. आता खोलीत आणखी दोघी आणा. एक माणचीच, आईसारख्याच गरजेची. एक पाटणची, सासूबाईंसारखीच. त्याही तसाच सौदा करून बसल्यात. सासूबाईंकडे सहावी पायली आहे, ती त्यांना दोनला सोडायला परवडते आणि बाजारात तर पायलीला पावणेतीनच्या वर मिळतायत. ती विकायला त्या दुसऱ्या माणच्या बाईला हळूच म्हणणार, "माझ्याकडनं घ्या, अडीचनं देते." मग दुसरी पाटणची बाई गप्प बसेल? तीही उतरणार. दर दोनच्या वर आहे तोवर प्रत्येक देणारीकडे फायद्यात विकता येईल अशी एक जादा पायली शिल्लक आहे, म्हणून तोवर ही फोडाफोडी चालणार. आणि दर दीडच्या खाली गेला, की हाच खेळ घेणाऱ्यांच्या बाजूनं : आईला सहावी पायली हवीशी वाटणार, ती दुसरीच्या देणारीला जरा जास्त देऊन फोडणार. दोन्हीकडून रेटत रेटत दर येतो दीड आणि दोनच्या मध्ये. बायकोनं पुकारलेला पावणेदोन तिथंच तर होता.

माणसं वाढत गेली, की कराराची रेषा आक्रसत समतोलाच्या जागी येते, हे एजवर्थला 1881 मध्येच दिसलं होतं. त्याचा सर्वसाधारण, चोख पुरावा मिळायला 1963 उजाडलं. जेरार्ड डेब्रू आणि हर्बर्ट स्कार्फ या दोघांनी तो दिला. मला यातली गंमत अशी वाटते, की कुणीही पुकारणारा न ठेवता, प्रत्येकीनं फक्त दुसरीचं गिऱ्हाईक फोडायचं म्हटलं तरी आपण त्याच दरावर येतो. दोघीच असताना दर स्वभावावर ठरतो. बाजार भरला, की स्वभाव कितीही खमका असून उपयोग नाही.

हे कागदावरचंच आहे असं वाटत असेल तर दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट सांगतो. रॅडफर्ड नावाचा एक इंग्रज अर्थतज्ज्ञ जर्मनांच्या कैदेत होता. सुटून आल्यावर 1945 मध्ये त्यानं युद्धकैद्यांच्या छावणीतल्या बाजारावर एक लेख लिहिला. रेडक्रॉसची पार्सलं सगळ्यांना जवळपास सारखीच : डब्यातलं दूध, जॅम, लोणी, बिस्किटं, मांस, साखर, सिगारेटी. सगळ्यांकडे सारखंच असताना देवघेव कशाला होईल? पण झाली, धडाक्यात झाली, कारण आवडी सारख्या नव्हत्या. कुणी सिगारेट ओढत नाही, कुणाला ती जेवणापेक्षा प्यारी. विहिणींच्या बाबतीत माल वेगळा होता, इथं जीभ वेगळी होती. दरी दोन्हीकडं पडतेच. हळूहळू सिगारेट हेच चलन झालं आणि सगळ्या वस्तूंचे भाव सिगारेटीत बोलू लागले.

सुरुवातीला मात्र बराकीबराकीत दर निराळे. त्या काळची एक दंतकथा रॅडफर्डनं नोंदवली आहे : एक पाद्री चीजचा एक डबा आणि पाच सिगारेटी घेऊन छावणीभर हिंडला आणि परत आला तो चीज आणि सिगारेटी जशाच्या तशा, वर एक अख्खं पार्सल घेऊन. नंतर दर सगळीकडे सारखे व्हायला लागले तसे असे चमत्कार बंद पडले. आणखी एक गडी होता, त्याला उर्दू येत होतं. तो हिंदी सैनिकांच्या भागात जाऊन शीख कैद्यांकडून मांस घ्यायचा आणि बदल्यात लोणी-जॅम द्यायचा. त्याचा धंदा लोकांच्या लक्षात आला, आणखी लोक त्यात शिरले आणि दोन्ही भागांतले दर एकमेकांजवळ आले. पुरते एक मात्र कधीच झाले नाहीत, कारण भाषेची अडचण राहिलीच. आमच्या बाजारातला दलाल शेवटी काय करतो? तोही एका बाजूची भाषा दुसऱ्या बाजूला पोचवतो आणि मधलं अंतर खातो. ते अंतर मिटवणारे पुढं येईपर्यंत त्याचं चांगलं चालतं.

एवढं झाल्यावर वर्गातलं एखादं पोरगं हमखास उठतं. "सर, पण मग त्या दोघी सरळ दुकानात का जात नाहीत?" जातात की. दुकान आलं, की दोघी एकट्या राहात नाहीत, साऱ्या जिल्ह्याचा बाजार त्यांच्या मागं येऊन उभा राहतो. समजा साताऱ्यातला दुकानदार ज्वारी 140 रुपये पायलीनं घेतो आणि 180 नं विकतो. तांदूळ 260 नं घेतो आणि 320 नं विकतो. आईला दुकानातून पायलीभर तांदूळ न्यायचा तर सव्वादोन पायल्यांहून थोडी जास्तच ज्वारी विकावी लागेल. सासूबाईंनी पायलीभर तांदूळ तिथं विकला तर त्या पैशात दीड पायलीही ज्वारी येणार नाही. म्हणजे सव्वादोनच्या फार वर आई जाणार नाही, ती दुकानात जाईल. दीडच्या फार खाली सासूबाई येणार नाहीत, त्याही दुकानातच जातील. घासाघिशीला मैदान उरलं दीड ते सव्वादोनच्या आसपासचं. आई एकाला एक म्हणत होती ते दुकानाकडं बघून म्हणालीच नव्हती आणि सासूबाईंचं एकाला तीनही तसंच. दोघींनाही भाव पाठ आहेत. पहिला आकडा तोंडातून काढायचा तो थोडा खोटाच काढायचा असतो, एवढं दोघींना अर्थशास्त्र शिकल्याशिवाय येतं.

मापाचीही एक खोच आहे, ती फळ्यावर बसत नाही म्हणून इथं सांगतो. शीग लावून मोजायचं की सपाट? आई ज्वारी मोजताना शीग तळव्यानं अशी सावरते, की पाहणाऱ्याला ती होती तशीच वाटावी आणि दाणे मात्र घरंगळून सुपात परतावेत. सासूबाईंच्या हे पहिल्याच पायलीला ध्यानात आलं. त्या काही बोलल्या नाहीत. आपला तांदूळ मोजताना त्यांनीही पायलीच्या काठावरून हात सरळ फिरवला. दर पावणेदोनच राहिला, बोलण्यात. खरा दर त्या तळव्यांनी ठरवला.

यंदा माणात परतीचा पाऊस झालाच नाही. आईकडे 60 च्या जागी 25 पायल्या शाळू आला. तांदळाची भूक तीच, पण पायलीमागं द्यायला हात आखडला. पहिल्या पायलीला चार म्हणायची ती आता दोन म्हणते, दुसरीला पावणेदोन, मग दीड, सव्वा, एक. सासूबाईंची उत्तरं गेल्या वर्षीचीच धरा : अर्धी, पाऊण, एक, सव्वा, दीड. तीन पायल्यांपर्यंत दोघींचा लाभ आहे, चौथीला आई सव्वा देणार आणि त्या सव्वा मागणार, म्हणजे केली काय न केली काय, आणि पाचवीला सौदा तुटतो. समतोल आला एकाला सव्वावर. गेल्या वर्षी पावणेदोन पायल्या ज्वारीला मिळणारा तांदूळ यंदा सव्वाला. भात तेवढाच पिकला, तांदळाला काही झालं नाही, तरी तांदूळ स्वस्त झाला. कारण ज्यात तो मोजायचा ती ज्वारीच दुर्मीळ झाली. लाभही आटला, 10 चा तीन पायल्यांवर आला. दुष्काळ एकट्या माणात पडला, पण त्यातला काही भाग मोरणेच्या खोऱ्यात पोचला, तिथं पाऊस चांगला होऊनही.

परवा सासूबाईंचा फोन आला. आईच्या शेजारीच होतो, आवाज बाहेर ऐकू येत होता.

"विहीणबाई, औंदा कसं करायचं?"

आईनं माझ्याकडं एकदा पाहिलं, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाली, "आवं, घरातल्या घरात कसला भाव? अर्ध्याला पायली."